मेश्रामकाका आणि चोकवाली ट्यूबलाईट

मेश्रामकाका कोणाच्याही घरी आले की आधी छताकडे बघतात. नमस्कार, कसं काय, मुलांच्या परीक्षा कधी, हे सगळं नंतर. आधी मान वर, डोळे बारीक, मग एक सुस्कारा आणि एकच शब्द : "एलईडी." दिवाळीनंतर त्यांनी आमच्या सोसायटीतल्या जवळजवळ सगळ्या घरांची छतं अशी पाहून घेतली. तळमजल्यावरच्या कपूर आंटींना वाटलं, हे ओल शोधताहेत. त्यांनी लगोलग वरच्या फ्लॅटवाल्यांशी भांडण काढलं. ओल कुठेच निघाली नाही, भांडण मात्र अजून चालू आहे.

आमची सोसायटी मयूर विहारची, जुनी, बहुतेक केंद्र सरकारात नोकऱ्या केलेल्यांची. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि काका बरोब्बर माझ्या खाली. माझ्याकडे ते आले तेव्हा हॉलचं छत बघून सुस्कारा झाला, बेडरूमचं बघून झाला, आणि मी चहा टाकायला वळते तोवर मागच्या बाल्कनीतून ओरडण्याचा आवाज आला. मी धावले. वॉशिंग मशीनच्या वर जी एक जुनाट ट्यूबलाईट आहे, जी लागायला वेळ घेते आणि लागली की भुंग्यासारखी गुणगुणते, तिच्याखाली काका हात जोडायचेच बाकी होते.

"पल्लवी! चोकवाली आहे ही!"

"हो काका, बदलायचीच आहे. किती दिवस ह्यांच्या मागे लागलेय."

"खबरदार! हिला हात लावायचा नाही. कोणी इलेक्ट्रिशियन आला तर आधी मला हाक मार."

पंचाहत्तरीच्या माणसाला ट्यूबलाईट पाहून इतका आनंद का व्हावा, हे सांगायचं तर आधी काकाच सांगायला हवेत.

मधुकर मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे. नोकरी सगळी दिल्लीत, एका सरकारी खात्याच्या यंत्रदुरुस्ती विभागात. खात्यातून ते निवृत्त झाले, पण दुरुस्तीतून नाही. त्यांच्याकडे दोन नियम आहेत आणि जगातली कुठलीही गोष्ट त्या दोन नियमांत बसते, अशी त्यांची ठाम समजूत आहे. पहिला : "लक्षण सांग, कारण सांगू नकोस." दुसरा : "एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

पहिल्या नियमाचा त्रास मुख्यतः डॉक्टरांना होतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर एकदा सहज म्हणाले, "क्या अंकल, गैस हो गई?" काका खुर्चीत ताठ झाले. "आप कारण पर मत जाइए. मैं लक्षण बताता हूँ, आप लिखिए." मग पोटात कुठे, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, डाव्या कुशीवर काय आणि उजव्या कुशीवर काय, असा सगळा पाढा झाला. शेवटी डॉक्टरांनी गॅसचीच गोळी दिली. काका खूश. गोळी तीच होती, पण ती आता रीतसर मिळाली होती.

दुसरा नियम जास्त घातक. लिफ्ट बंद पडली तेव्हा मिस्त्री दोन सुटे भाग घेऊन आला आणि दोन्ही बसवायला लागला. काकांनी त्याचा हात धरला. "एक समय में एक चीज़ बदलो भाई. नहीं तो पता कैसे चलेगा कि ख़राब क्या था?"

"अंकल, लिफ्ट चलानी है कि रिसर्च करनी है?"

तो जो रागावून गेला तो आठवडाभर फिरकला नाही. सगळी सोसायटी जिने चढत होती आणि प्रत्येक मजल्यावर काकांचा उद्धार करत होती. काका स्वतःही गुडघे धरधरून चढत होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मी एकदा त्यांना वाटीभर आमटी दिली तर वाटी घेऊनच वर आले : "मीठ जास्त आहे किंवा आंबट कमी आहे. पुढच्या वेळी फक्त मीठ कमी कर, आंबटाला हात लावू नकोस." मी मुद्दाम दोन्ही बदललं. एका घासात ओळखलं हो त्यांनी! दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ह्या माणसाबरोबर शैलाकाकूंनी उभा जन्म काढला, आणि हसत काढला. काकू सरकारी शाळेत गणित शिकवायच्या. ऐंशीच्या दशकात कधीतरी त्यांच्या शाळेत घरगुती संगणक आले आणि सुट्टीत शिक्षकांना ते शिकवले गेले. बाकीचे शिक्षक हजेरी लावून घरी गेले, काकू मात्र शिकल्या. घरी येऊन म्हणाल्या, आपल्याकडेही असा एक हवा. काकांनी कुठूनतरी जुना मिळवला. तो आजही त्यांच्या हॉलमध्ये आहे. कीबोर्ड आणि संगणक एकाच डब्यात, मूळचा क्रीम रंग आता दुधाच्या चहासारखा झालेला. पडद्याच्या जागी एक जाडजूड टीव्ही. आणि शेजारी शिवणाच्या डब्याएवढा डिस्क ड्राइव्ह. डिस्क म्हणजे तळहातापेक्षा थोडी मोठी काळी चौकोनी चकती, पापडासारखी वाकणारी. ती ड्राइव्हच्या फटीत सरकवायची, खटका दाबायचा, की तो घरघरत वाचायला लागतो.

त्या संगणकापुढे एक लाकडी खुर्ची आहे. तिच्यावर काका बसतात आणि दुसऱ्या कोणाला बसू देत नाहीत. एकदा बसले की उठतही नाहीत. काकू मला सांगायच्या, "अगं, काम माझं असतं, पण हे 'जरा चेक करतो' म्हणून बसतात आणि मग मी ओट्याशी उभी राहून वाट बघते."

त्या संगणकावरून नवराबायकोत एकच वाद होता आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. काकूंनी घरी डिस्कवर काही लिहिलं की ते शाळेतल्या संगणकावर चालायचं नाही. काकू म्हणायच्या, "आपलाच ड्राइव्ह सुस्त आहे." काका म्हणायचे, "माझ्या घरातलं मशीन? शक्य नाही. तुमच्या शाळेतला बिघडलाय." आयुष्यभर दुसऱ्यांची मशीनं तपासणाऱ्या माणसाने घरचा ड्राइव्ह कधी उघडून पाहिला नाही. काकूंनीही नाद सोडला. पण जेवताना भाजी वाढायला उशीर झाला की टोमणा यायचाच : "थांबा जरा, आपल्या घरात सगळंच सुस्त चालतं."

काकूंनी त्या संगणकावर मुलीसाठी, म्हणजे अस्मितासाठी, एक खेळ लिहिला होता. दिल्लीत वाढणाऱ्या मुलांची मराठी कशी होते ते मला कोणी सांगायला नको, मी त्यातलीच. 'काका, पाणी पिणार?' इथवर ठीक, त्यापुढे शब्द अडतात आणि हिंदी धावून येते. म्हणून काकूंचा खेळ मराठी शब्द विचारायचा. अक्षरं इंग्रजी, कारण मशीनला दुसरी येत नव्हती, पण भाषा मराठी. आधी विचारायचा, तुझं नाव काय? मग, अस्मिता, कोनाडा म्हणजे काय? बरोबर आलं तर 'शाब्बास, डोकं आहे तुला.' चुकलं तर 'चूक. पुन्हा सांग.' आणि सारखंच चुकत राहिलं तर 'आज जेवण नाही.' हे शेवटचं वाक्य आलं की लहानपणी अस्मिता खरोखर रडायची आणि काकूंना येऊन सांगावं लागायचं की मशीनला स्वयंपाकघरात विचारत नाहीत.

काकूंना जाऊन आता दुसरं वर्ष. त्यानंतर काकांनी तो संगणक लावलाच नाही. काकूंनी विणलेलं झाकण जसंच्या तसं त्याच्यावर होतं. अस्मिता द्वारकेला राहते. मेट्रोने सरळ एका गाडीत पोचता येतं, आणि ती सारखी म्हणत असते, बाबा, आमच्याकडे या, एकटे नका राहू. एकदा माझ्यासमोरच ती फोनवर हे बोलत होती. काका तिला म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, अस्मी. तुझी आई गेली. एक बदल झाला. तो अजून मला नीट समजला नाही. आता घर बदलायचं नाही."

त्या नियमावर मी इतकी वर्षं हसले होते. त्या दिवशी मला हसू आलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्या घरात चहाचे दोन कप अजून ओट्यावर शेजारी शेजारीच उपडे असतात.

ह्या दिवाळीत अस्मिता मुलीला घेऊन आली. मिहू आठ वर्षांची. दारात उभी राहून फुलबाज्या बघत होती. काका म्हणाले, "मिहू, उंबरठ्यावर उभी राहू नको बेटा."

"नानू, उंबरठा क्या होता है?"

काकांनी पायाखालची संगमरवराची पट्टी दाखवली. मिहू म्हणाली, "ये? ये तो मार्बल है." सगळे हसले. काकाही हसले, पण रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. अस्मिता सहज बोलून गेली, "बाबा, आईचा तो गेम होता ना? मी सगळे शब्द त्याच्यावरच शिकले. चालतो का अजून?"

झालं. दुसऱ्या दिवशी झाकण निघालं. मिहू थंडीच्या सुट्टीत पुन्हा राहायला येणार, तेव्हा खेळ चालू हवा, हा पण केला काकांनी.

संगणक लगेच लागला. ड्राइव्ह मात्र नुसता कण्हायचा आणि पडद्यावर यायचं, डिस्क वाचता येत नाही. काका खुलले. बऱ्याच काळाने घरात एक लक्षण मिळालं होतं! ड्राइव्ह उघडला तर आतला रबरी पट्टा चिकट गुळासारखा विरघळलेला. कॅसेट प्लेअरच्या सामानातून नवा पट्टा शोधला. एवढं झाल्यावर ते थांबले, कारण एका वेळी एकच. मग डिस्क वाचणारं टोक स्पिरिटने पुसलं. पुन्हा थांबले. आता उरला वेग. आणि वेग तपासायला हवी जुनी, चोकवाली ट्यूबलाईट.

त्याचं असं आहे. ड्राइव्हच्या पोटाखाली एक चाक असतं आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा. जुनी ट्यूबलाईट डोळ्यांना कळणार नाही इतक्या झपाट्याने लुकलुकत असते. तिच्या उजेडात चाक फिरवलं आणि वेग बरोबर असला, की रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. वेग चुकला असेल तर त्या सरकताना दिसतात. नव्या एलईडीत तो लुकलुकाट नाही. आणि आमच्या सोसायटीने वीज वाचवण्याच्या उत्साहात जिन्यातल्यासुद्धा सगळ्या ट्यूबलाईट काढून टाकल्या होत्या. त्या ठरावाच्या बाजूने काकांनीच हात वर केला होता.

मग काय, माझ्या बाल्कनीत दवाखाना सुरू झाला. वॉशिंग मशीनवर पालथा ड्राइव्ह, शेजारी वायरींचं जंजाळ, दिवसाचा उजेड नको म्हणून कठड्याला माझी नवी चादर. कपडे धुवायला बंदी, कारण मशीन हललं तर ड्राइव्ह हलतो. आमचे हे तोच शर्ट पुन्हा घालून ऑफिसला गेले आणि जाताना म्हणाले, "काकांना सांग, लक्षण दिसायला लागलंय." काका मात्र स्क्रू केसभर फिरवायचे, रेघांकडे बघायचे, पुन्हा केसभर फिरवायचे. एका दुपारी हाक आली, "पल्लवी, ये, बघ!" चाक गरगर फिरत होतं आणि रेघा एकदम स्तब्ध. मलासुद्धा टाळी वाजवावीशी वाटली.

खात्री करायला म्हणून काका फरीदाबादला गेले. तिथे एक गृहस्थ जुने संगणक जमवतात, त्यांच्याकडून नीट चालणारी एक डिस्क आणायची होती. येताना मेट्रोच्या तपासणीत, डिस्कवरचं पुसलं जाईल म्हणून काका ती मशीनमधून जाऊ देईनात. कोवळ्या शिपायाने विचारलं, "अंकल, ये है क्या?" "फ्लॉपी." "खोलके दिखाओ." "खुलती नहीं है." शेवटी काका बसने आले, दोन स्टीलच्या ताटांच्या मध्ये डिस्क ठेवून, ताटं छातीशी धरून.

फरीदाबादची डिस्क घातली. ड्राइव्हने ती घडाघडा वाचली. काकांनी मला जिन्यातूनच ओरडून सांगितलं.

मग काकूंची डिस्क घातली. तिच्यावर काकूंच्या अक्षरात 'अस्मिता, मराठी' असं लिहिलेलं आहे. ड्राइव्ह घरघरला, अडखळला, पुन्हा घरघरला. डिस्क वाचता येत नाही.

संध्याकाळी काका वर आले तेव्हा त्यांनी छताकडे पाहिलं नाही. सोफ्यावर बसले. इतकी वर्षं दिल्लीत राहून त्यांची बोली पुसली गेली आहे, पण फार दुखलं की भंडारा वर येतो. "चालून नाही राहिली, पल्लवी. सगळं बरोबर करून पाहिलं. डिस्कच गेली वाटते. तिच्या हातचं तेवढंच एक उरलं होतं बोलणारं."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांचंच त्यांना परत दिलं. "काका, डिस्क गेली हे कारण झालं. तुम्ही लक्षण सांगा."

ते सावरून बसले. मग सवयीने बोलायला लागले. "लक्षण... दुसऱ्याची डिस्क चालते. आपली चालत नाही. पूर्वी उलटं होतं. आपली आपल्याकडे चालायची, पण शाळेत..." आणि तिथे थांबले.

मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तिचंच बरोबर होतं. ड्राइव्ह आपलाच सुस्त होता. तिने हळू चालणाऱ्या ड्राइव्हवर लिहिलंय आणि मी तो शहाण्यासारखा बरोबर वेगाला लावून ठेवलाय. कशी वाचणार?"

"मग आता?"

"आता काय! पुन्हा बिघडवायचा."

हे शब्द मेश्रामकाकांच्या तोंडून ऐकलेली मी पहिलीच असेन.

रविवारी सकाळी सगळा संसार वर आला. संगणक, जाडजूड टीव्ही, ड्राइव्ह, आणि वॉचमनच्या डोक्यावर ती लाकडी खुर्चीसुद्धा. मी म्हटलं, काका, आमच्याकडे खुर्च्या आहेत. ते म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज वेग बदलतोय. खुर्ची तीच राहील."

ट्यूबलाईट लुकलुकत लागली आणि गुणगुणायला लागली. काकांनी स्क्रूला पेचकस लावला, पण फिरवेनात. ज्या माणसाने जन्मभर बिघडलेलं सरळ केलं, त्याला सरळ झालेलं बिघडवताना हात चालत नव्हता. शेवटी त्यांनी डोळे मिटून केसभर फिरवला. थांबलेल्या रेघा हलल्या आणि हळूहळू उलट्या सरकायला लागल्या.

डिस्क घातली. नाही चालली. आणखी केसभर. नाही. रेघा आणखी जरा जोरात उलट्या. काका प्रत्येक वेळी पुटपुटत होते, "किती सुस्त होतं गं हे? बोलली असती ना जोर लावून." मी म्हटलं, "बोलल्या की काका, रोज बोलत होत्या." त्यांनी पुन्हा स्क्रू फिरवला.

ड्राइव्ह घरघरला. ह्या वेळी अडखळला नाही. सावकाश, आरामात, भाजी निवडत बसलेल्या बाईसारखा तो वाचत गेला आणि पडदा पुसला जाऊन वर एक ओळ उमटली. तुझं नाव काय?

काका खुर्चीत पुढे सरकले, बोटं कीबोर्डवर ठेवली. मला वाटलं, ते अस्मिताचं नाव टाकतील, नाहीतर मिहूचं. त्यांनी एकेक अक्षर शोधून स्वतःचं नाव टाकलं. मधुकर.

ड्राइव्ह क्षणभर गुरगुरला. पडद्यावर ओळ आली :

अहो, तुम्ही उठा. पोरीला बसू द्या.

काकूंना माहीत होतं ना, हे 'जरा चेक करतो' म्हणून बसणार ते. त्यांनी मधुकर ह्या नावासाठी ते उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं, आणि काका ती ओळ कधीच विसरले नव्हते. इतका सगळा खटाटोप मिहूसाठी होता, हे खरंच आहे. पण त्यातला थोडा ह्या एका ओळीसाठी होता.

लिफ्टच्या मिस्त्रीचं न ऐकणारे, डॉक्टरांचं न ऐकणारे, मुलीचं न ऐकणारे मेश्रामकाका खुर्चीतून उठले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. खुर्ची माझ्याकडे वळवली. त्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते, म्हणून मी तशीच उभी राहिले.

"बस ना पल्लवी," ते घाईघाईने म्हणाले. "लवकर बस. नाहीतर पुन्हा ओरडेल ती."